दोडक्याचं शॉकअप

मंडळी, आमच्या आणे पठारावर आज सकाळी वारं नुसतं पिसाळलं होतं.

परसात मी यंदा काय काय लावलंय, ते तुम्ही फोटोंत बघितलंच आहे. केळी, पपई, गुलाब, टोमॅटो, सगळं एवढ्याशा जागेत. "ह्यो परस हाय का नर्सरी?" असं आमचे हे तेव्हाच म्हणाले होते.

आज पपई आडवी झाली, केळीच्या पानांच्या चिंध्या झाल्या. टोमॅटो शेतात बांधतात तसे सुतळीनं बांधले होते, पण वाऱ्याच्या भीतीनं गाठी जरा जास्तच आवळल्या. बरोब्बर गाठीपाशीच मोडले.

वाचला फक्त दोडका. जागाच उरली नाही म्हणून त्याचं बी तारेच्या कुंपणाशी टाकून दिलं होतं. निदान याला तरी बांधू, म्हणून सुतळीचा गुंडा घेऊन गेले आणि बघतच राहिले.

वेलाचा एकेक बारीक तंतू तार धरून स्प्रिंगसारखा गुंडाळलेला. झोत आला की तो लांबायचा, वेल वीतभर पुढं जायचा, झोत सरला की अलगद मागं. निम्मे वेढे उजवीकडं, निम्मे डावीकडं. हे कुणी शिकवलं त्याला?

ह्यांना हाक मारली. आले चिडवायलाच, पण वाकून बघितलं आणि म्हणाले, "आयला, हे तर शॉकअप हाय की! आपल्या गाडीला बी असलं न्हाई."

इतकी वर्षं दोडका चिरतेय, वेलाकडं आज बघितलं. तुमच्यापैकी कुणी पाहिलं होतं का हे?

सुतळी तशीच घरी परत आणलीय.