न भरलेली आठ वर्षं
नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा आम्हाला नागपूरहून शिकागोजवळच्या नेपरव्हिलला परत येऊन दोन वर्षं झाली होती. तो अठ्ठेचाळीसचा होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळत सगळं होतं, पण शब्द तोंडापर्यंत यायचा नाही. हॉस्पिटलमधली सोशल वर्कर म्हणाली, इतकी वर्षं काम केलंय, सरकारच्या सोशल सिक्युरिटीतून अपंगत्वाचे पैसे मिळतील. अर्ज केला. सहा महिन्यांनी नकाराचं पत्र आलं.

मला वाटलं, त्यांना आजार पुरेसा गंभीर वाटला नसेल. मेडिकल रिपोर्ट्सची जाडजूड फाइल घेऊन मी त्यांच्या ऑफिसात गेले. खिडकीपलीकडच्या बाईने ती उघडलीसुद्धा नाही.

"आजाराबद्दल शंकाच नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "पण झटक्याआधीच्या दहा वर्षांत निदान पाच वर्षांचं काम त्यांच्या नावावर हवं. मला दोनच वर्षं दिसताहेत. त्याआधी आठ वर्षं ते काय करत होते?"

काय करत होता! काम करत होता. शिकागोतली नोकरी गेल्यावर जुन्या मॅनेजरने त्याला कॉन्ट्रॅक्टर म्हणून घेतलं, राहा म्हणाला कुठेही. आम्ही तोवर अमेरिकन सिटिझन झालो होतो, तरी नागपूरला गेलो. मागच्या खोलीत टेबल टाकून त्याने आठ वर्षं अमेरिकेतल्याच कंपनीचं काम केलं. भारतातला इन्कम टॅक्स दरवर्षी वेळेवर भरला. मुलीच्या कॉलेजसाठी परत आलो, तेव्हा त्या पावत्यासुद्धा सोबत आणल्या होत्या.

त्या घेऊन मी एका काकांकडे गेले. ते आमच्या ओळखीतले, आयुष्यभर इथेच अकाउंटंट होते, आता रिटायर झालेले. बाहेर बर्फ साचलेला. काकूंनी चहा ठेवला. काकांनी पावत्या एकेक करून पाहिल्या आणि बाजूला सारल्या.

"या भारताच्या. अमेरिकेचे रिटर्न कुठे आहेत?"

"भरलेच नाहीत, काका. परदेशात राहणाऱ्याला तेवढ्या कमाईवर टॅक्स माफ असतो ना?"

"इन्कम टॅक्स माफ असतो. तोही रिटर्न भरून मागावा लागतो. सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स माफ नसतो." त्यांनी चष्मा काढला. "नोकरीत पगारातून सोशल सिक्युरिटीचे पैसे कापतात, तेवढेच कंपनी घालते. कॉन्ट्रॅक्टरने दोन्ही वाटे स्वतःच भरायचे, तोच हा टॅक्स. सिटिझन असलात की मग नागपुरात राहा नाही तर आणखी कुठे. काही देशांशी करार आहेत, तिथे भरलं की इथे भरावं लागत नाही. भारताशी नाही."

"मग आता भरतो."

त्यांनी पावत्या पुन्हा नीट लावल्या. "भरावं तर लागेलच. आठही वर्षांचं, दंड-व्याजासकट. रिटर्नच नसल्यामुळे टॅक्सवाल्यांची वसुलीची मुदत संपत नाही. पण सोशल सिक्युरिटीत काम नावावर चढायला ते वर्ष संपल्यापासून साधारण सव्वातीन वर्षांच्या आत रिटर्न भरावा लागतो. नागपूरचं जेमतेम दीड वर्ष त्यात बसेल. दोनाची साडेतीन होतील, पोरी. पाच नाही होणार."

"म्हणजे पैसे सगळ्या वर्षांचे घेणार आणि काम केलंच नाही म्हणणार?"

"हो," काका म्हणाले. काकू कप घेऊन दारातच थांबल्या होत्या.

घरी येताना मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. नागपूरला पहिल्याच वर्षी त्याने मला विचारलं होतं, "अमेरिकेतल्या एखाद्या सीएला एकदा विचारून घेऊ का? फी जरा जास्त आहे." मी पोळ्या लाटत होते. मी म्हटलं, "इथे भरतोय ना टॅक्स? मग तिकडे कशाला? उगाच नसती भानगड." तो बरं म्हणाला. विषय पुन्हा निघाला नाही.

काकांनी तीन आठवडे बसून आठ वर्षांचे रिटर्न तयार केले, एक पैसा घेतला नाही. प्रत्येकावर आम्हा दोघांची सही हवी होती. मी नवऱ्याला टेबलाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. करार नाही इथपासून साडेतीन वर्षांपर्यंत सगळं. पोळ्या लाटत बोलले होते ते मात्र सोडून.

तो डाव्या हाताने सह्या करू लागला. एकेक अक्षर ओढून काढत होता. तिसऱ्या रिटर्नवर पेन निसटलं. मी ते उचलून परत हातात दिलं. आठव्या सहीनंतर त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, बराच वेळ काही फुटेना.

"माझी," तो म्हणाला. मग पुष्कळ वेळाने, "चूक."

त्याला माझं बोलणं आठवत नव्हतं, की आठवत असूनही तो असं म्हणत होता, ते मला आजही माहीत नाही. मी त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातली लाळ पुसली आणि कागद गोळा केले.

मुलगी ॲन आर्बरच्या कॉलेजातून सेमिस्टर अर्धं सोडून घरी आली. "इट्स फाइन, आई, नंतर करीन," म्हणाली. आता सकाळी ती बाबांजवळ असते, मी एका शाळेच्या किचनमध्ये काम करते. टॅक्सचे हप्ते बांधून मिळालेत. माझ्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे पैसे दर पंधरा दिवसांनी कापले जातात. माझ्या नावावर. नागपूरच्या त्या बोलण्याबद्दल त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही.