शंकरपाळ्यात अडकलेला हमाल

महागावजवळच्या सोयाबीन खरेदी केंद्रावर मी ओलावा मोजायच्या यंत्राशी बसायचो. मूळचा मी मालवणकडचा. आठवीत शाळा सुटली, पुढे एका ट्रकबरोबर माल भरायला इकडे आलो आणि राहिलो. केंद्राच्या मॅनेजर मॅडमनी मार्कलिस्ट न मागता कामावर घेतलं. त्याला चार वर्षं झाली, तरी त्यांनी नुसती हाक मारली की मला वाटतं, आज मागणार.

गेल्या हंगामात त्यांनी हाक मारली.

"सभासदांच्या सभेत पडद्यावर दाखवाचं हाय, माल गेटवर आल्यापासून पावती हाती पडेपर्यंत काय काय होते ते. फ्लोचार्ट करा. जमलं तं ऑफिसातली रिकामी खुर्ची तुमची."

आणि नाही जमलं तर विचारतील, तुमी शिकले किती? ही भीती माझी मीच जोडली.

जेवायच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसून मी काहीही सोडायचं नाही असं ठरवलं. गाडी येते. ड्रायव्हर उतरतो. रांगेवरून भांडण. चहा. टोकन. पुन्हा चहा. एकाच स्लाइडवर तीस चौकोन झाले आणि बाण एकमेकांच्या अंगावरून गेले.

मॅडमनी मान तिरपी करून पाहिलं. "हे काय हो? गंजीत साप शिरला का? मांगं बसलेल्या माणसाले वाचता आलं पाहिजे. सात डबे, बस. चहा काढा."

"पण मॅडम, चहा रोज होतो."

"होते नं. पण तो कोणी चुकत नाही. माणूस जिथं चुकते ते दाखवा."

मी सात ठेवले: गाडी, टोकन, नमुना, ओलावा, चाळणी, वजन, पावती. जिथे प्रश्न असतो तिथे चौकोन तिरका करतात, हे तोवर मला कळलं होतं. आमच्या घरी त्याला शंकरपाळा म्हणाले असते. त्यात लिहिलं, 'ओलावा ठीक?' छान दिसत होतं. छान दिसलं की माझा जीव जास्तच घाबरतो. म्हणून सभेच्या दिवशी सकाळी तोच नकाशा मी अंगणात चुन्याच्या फक्कीने आखला आणि सगळ्यात जुन्या हमाल मामांना पोतं घेऊन त्यावरून चालायला सांगितलं.

"मले लंगडी खेळाले लावून राह्यला का?" म्हणत मामा निघाले. टोकन, नमुना, शंकरपाळा. सवयीने मी ओरडलो, "ओला!"

मामा थांबले.

"चला ना, मामा."

"कुठं चलू? रेघ एकच हाय, ते चाळणीकडं जाते. तू तं म्हणतं माल ओला."

खरंच, 'नाही'चा बाण मी काढलाच नव्हता. ओला माल मागच्या ताडपत्रीवर वाळवून पुन्हा नमुन्याला आणतात. रोज मीच लोकांना तिकडे पाठवायचो.

"पोतं तरी खाली ठेवा."

"कायले? ठेवाचा डबा कुठं हाय?"

बाकीचे हमाल हसत गोळा झाले. आवाज ऐकून मॅडम बाहेर आल्या.

"मॅडम, मी अडकलो," मामांनी पाठीवरच्या पोत्यासकट तक्रार केली. "यानं मले तिरप्या डब्यात कोंडलं."

उरलेली फक्की घेऊन मी धावलो. शंकरपाळ्यापासून ताडपत्रीपर्यंत एक रेघ, तिथून परत नमुन्यापर्यंत दुसरी. मामा शांतपणे चालत गेले, पोतं ताडपत्रीवर टाकलं आणि म्हणाले, "आता कसं!"

मॅडम वाकून नव्या रेघा बघू लागल्या. मला राहवलं नाही. "मॅडम, मी आठवीत शाळा…"

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "पयल्याच दिवशी तुमी फॉर्मावर शिक्षणापुढं 'हो' लिहिलं होतं. जा, तो बाण लाल करा."

दुपारी सभेत स्लाइड लागली. मी भिंतीला टेकून उभा. मधूनच एका शेतकऱ्याने विचारलं, "अन माया माल ओला निंगाला तं? मी कुठं जाऊ?"

माझ्या तोंडातून आवाज फुटायच्या आत दारातून मामा ओरडले, "लाल बाणानं जाय बाप्पा, ताडपत्रीवर! मी सकाळीच जाऊन आलो."

सगळे हसले. विचारणारा जागेवरूनच पडद्यावरचा बाण हवेत बोटाने गिरवत परत नमुन्यापर्यंत आला आणि मान हलवून खाली बसला.

ऑफिसातल्या खुर्चीवर आता मी बसतो. तिचा एक पाय डुगडुगतो. मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.