मनाचाच की मनाचाही

छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. बावीस वर्षं ती मुद्रितं तपासत होती. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ पडलं, की तिला ते घासातल्या खड्यासारखं लागायचं.

दोन वर्षांपूर्वी तिची मान धरली. मग खांदे, मग पाठ, मग तळपाय. सकाळी उठायची ती रात्रभर कुणी बदडून काढल्यासारखी. रक्त तपासलं, फोटो काढले, मशीनच्या नळीत झोपवलं. सगळं नॉर्मल.

"चांगलंय की. काही निघालं नाही," नवरा म्हणाला.

"निघालं नाही म्हणजे आतच आहे ना अजून."

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही."

नवरा वाईट नव्हता. पोस्टात होता. ज्यावर शिक्का नाही, ते त्याच्या लेखी आलेलंच नसे.

चौथ्या डॉक्टरांनी जागोजाग बोटं दाबून पाहिली, झोपेचं विचारलं आणि दुखण्याचं नाव सांगितलं: फायब्रोमायाल्जिया. मज्जातंतूंनी दुखण्याचा आवाज मोठा करून ठेवलाय, म्हणाले. गोळी लिहून दिली, रोज थोडं चालायला सांगितलं आणि त्यांच्याच दवाखान्यातल्या मानसतज्ज्ञ बाईंना भेटायला सांगितलं. या सगळ्यातलं एकच वाक्य ती घरी घेऊन आली: 'यात मनाचाच भाग आहे.'

"मग? मी काय वेगळं सांगत होतो?" सोबत गेलेला नवरा म्हणाला.

गोळीच्या खोक्यातला कागद तिनं सवयीनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्यात 'नैराश्य' हा शब्द सापडला. खोकं खणात गेलं. त्या बाईंकडे जायचं म्हणजे दुखणं खोटं आहे अशी कबुलीच द्यायची, असं तिचं गणित.

ते खोटं नाही हे पटवण्यात पुढचे तीन महिने गेले. जरा बरं वाटलं की ती कपाटं उपसायची, पंखे पुसायची. मी आळशी नाही, हे दिसायला हवं ना. नंतर दोन दिवस अंथरुणात.

"काल स्टुलावर चढली होतीस. आज कपही उचलवत नाही?" नवरा विचारायचा. विचारायचा कसला, टोमणाच तो.

आणि मग शाळेच्या एका पुस्तकात तिच्या नजरेतून 'आजी सुत कातते' सुटलं. पुस्तक छापून झालं.

"बाई," मालक म्हणाले, "सुत म्हणजे मुलगा, हे तुम्हीच मला शिकवलंत. आजीनं मुलगा कातलाय. अख्ख्या आवृत्तीत कातलाय." मग हसू आवरून म्हणाले, "ठणठणीत आहात असं डॉक्टरांचं लिहून आणा. नाहीतर आता घरी आराम करा."

जुनं यंत्र भंगारात काढताना ते याच सुरात बोलत. ती नवऱ्याला घेऊन तडक डॉक्टरांकडे गेली.

"मालकांना मी ठणठणीत असल्याचं हवंय. तुम्ही माझं दुखणं खरं आहे असं लिहून द्या. तुम्ही तर मनाचाच भाग आहे म्हणालात."

"मी 'ही' म्हणालो. मनाचाही."

"च म्हणालात."

"ही."

ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही होतात ना तिथं? काय म्हणाले होते हे?"

नवऱ्यानं चष्मा काढून पुसला. "ही."

"मग तीन महिने तोंडात मिठाची गुळणी धरली होतीत?"

"मला वाटलं, ही काय नि च काय. एकूण एकच."

बावीस वर्षं ती एवढ्याच फरकावर पोट भरत होती. आणि ऐकण्यातली चूक तिचीच होती. सगळे जे म्हणत होते, तेच तिनं डॉक्टरांच्या तोंडी घातलं होतं.

"एकच नाही हो," डॉक्टर नवऱ्याला म्हणाले. "हाड मोडलेल्या माणसालाही भीतीनं जास्त दुखतं. म्हणून हाड मोडलेलं खोटं होत नाही." मग तिच्याकडे वळून, "ठणठणीत असं मी लिहिणार नाही. उपचार चालू आहेत असं लिहीन. चालू केलेत तर."

मानसतज्ज्ञ बाई तिच्या मुलीच्या वयाच्या निघाल्या. वेलांटीबाई पदर खोचूनच आत गेली होती.

"दिवसातली किती ताकद दुखतंय हे पटवण्यात जाते?" बाईंनी विचारलं.

"अर्धी तरी," ती म्हणाली, आणि खोचलेला पदर सोडला.

रोजची नोंद सुरू झाली. कपाटं, पंखे, स्टूल, सगळ्याचा क्रम त्यात दिसला: कुणी 'नाटकं' म्हटलं की दुसऱ्या दिवशी दुप्पट काम, आणि तिसऱ्या दिवशी अंथरूण. इलाज ऐकायला सोपा होता. पंचवीस मिनिटं बसायचं, मग उठून चालायचं. दुखत असो वा नसो. बरं वाटत असतानाही हात थांबवायचा, हे तिला सगळ्यात जड गेलं.

दुखणं गेलं नाही. झोप मात्र परतली, आणि डोळ्यांना पुन्हा चुका दिसू लागल्या. 'उपचार चालू आहेत' हे डॉक्टरांचं पत्र मालकांकडे गेलं होतं; सहा आठवड्यांनी त्यांनी बोलावलं.

"मग, बऱ्या झालात?"

एका 'हो'त खुर्ची वाचली असती.

"नाही. पण काम होतंय. दर पंचवीस मिनिटांनी उठावं लागतं."

"उठून काय करता?"

"चालते."

"छापखाना आहे हा, बाग नाही." मालकांनी पेन्सिल खाली ठेवली. "शब्दकोशाचं काम घ्या. अर्धा दिवस. शाळेची पुस्तकं दुसरीकडे देतो."

"शाळेची पुस्तकं माझी आहेत."

"होती."

घरी नवरा म्हणाला, "अर्धा दिवस? बरंच झालं. आराम मिळेल."

"आराम नकोय मला. पुस्तकं हवीत."

"मग बरी आहे म्हणून सांगायचं. एकच तर शब्द."

तिच्या तोंडापर्यंत सगळं आलं. दोन वर्षांचं, क्रमवार, विरामचिन्हांसकट. तिनं चपला घातल्या.

"अगं, मी बोलतोय."

"बोला. मी चालून येते."

त्याला पटवायचं राहिलं ते राहिलंच. रस्त्यावर तळपाय ठणकत होते, आणि राग तर काडीइतकाही उतरला नव्हता.