गप्प राहायला वीज लागत नाही

मराठीत लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. माझी शाळा हिंदीत झाली, कॉलेज इंग्रजीत चाललं आहे, आणि मराठी फक्त घरात आहे. तीही अशी, की पुण्याच्या माणसाला निम्मी हिंदी वाटावी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. घरच्यांना वाटतं, याला सगळं कळतं. सरांचं मत थोडं वेगळं आहे.

माझा प्रोजेक्ट चिपमधल्या निरोपांबद्दल होता. चिपच्या आत एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे बारीक तारांवरून एक आणि शून्य सारखे जात असतात. तार शून्यावरून एकावर न्यायची तर वीज लागते. आहे तिथेच राहिली तर जवळजवळ काही लागत नाही. व्होल्टेज निम्मं केलं, तर वीज चौथ्या हिश्श्यावर येते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, मग इतकी वर्षं लोक करत काय होते?

लोक शेजारच्या तारेला घाबरत होते. व्होल्टेज उतरवलं की निरोप हळू आवाजात सांगितल्यासारखा होतो, आणि बाजूची तार हलली तरी शून्याच्या जागी एक वाचला जातो. म्हणून मी एक जादा तार दिली. आलेला निरोप तिच्याशी ताडून पाहायचा. जुळला नाही तर पुन्हा मागवायचा. पण फारच हळू बोललं, तर इतक्यांदा पुन्हा सांगावं लागतं की वाचवलेली वीज त्यातच जाते. मधली जागा शोधायची, एवढंच माझं काम. अहवालाच्या शेवटी मी मोठ्या रुबाबात लिहिलं होतं, की पडताळणी काढून टाकून केलेली बचत ही बचतच नसते.

या प्रोजेक्टच्या भरवशावर मी एका चिप डिझाइनच्या प्रयोगशाळेत प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. आमच्या कॉलेजातून एकालाच घेणार होते. निकाल कॉलेजात यायचा होता, आणि नेमका त्याच आठवड्यात घरी रोवणा निघाला, म्हणजे धानाची लावणी. मी लालबर्ऱ्याजवळच्या आमच्या गावी आलो.

आमच्या शेताकडे नेटवर्क नावापुरतं आहे. ते शोधता शोधता माझा मोबाईल दुपारपर्यंत मरतो, आणि रोवण्याच्या दिवसांत लाईट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून मी घरातला जुना बटनांचा फोन घेतला. त्याची बॅटरी दिवसच्या दिवस टिकते. पण त्याची स्क्रीन गेली आहे, त्यामुळे फोन कोणाचा ते दिसत नाही, आणि रिचार्ज संपल्यामुळे तो फक्त येणारे फोन घेतो. निघण्यापूर्वी मी माझ्या रूमपार्टनरशी, म्हणजे वारासिवनीच्या माझ्या मित्राशी, करार केला होता.

"झालं तर एक घंटी देऊन कट कर. नाही झालं तर काहीच करू नको."

"काहून? फोन उचलून बोलशील त तोंड झिजते का तुयं?"

"तिथं आवाज तुटते. अन् गप्प राहायला वीज लागत नाही."

"तू इंजिनेर नाही झाला तरी चालते बे," तो म्हणाला, "पन असा बोलत नको जाऊ."

खरं सांगायचं तर आवाज तुटणं हा बहाणा होता. मला माझी योजना आवडली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चिखलात वाकून रोवत होतो. फोन प्लास्टिकच्या पन्नीत बांधून धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, पळसाला टांगला होता. तो वाजला. एकदाच वाजला आणि बंद झाला. मी उभा राहिलो तेव्हा माझा एक पाय चिखलातच राहिला आणि मी शेजारच्या काकूंच्या रोपांवर बसलो.

"काय झालं रे?" मायनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

"काय झालं?"

"माझं झालं."

माय शेतभर ओरडली. रोवणाऱ्या बायांनी हात थांबवले. "आता हा कायले चिखलात येते, बाई," काकू म्हणाल्या, "आता हा चिखलाचा फोटो काढीन."

संध्याकाळी बाबा राईस मिलमधून आले. त्यांना रस्त्यातच कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून हातात जिलेबी होती. त्यांनी विचारलं, "कोन कळवलं?" मी घंटीचा करार समजावून सांगितला. बाबा जिलेबीची पुडी सोडता सोडता थांबले.

"किती वाजता आली घंटी?"

"जेवणाच्या सुट्टीनंतर."

"मंग ते मीच लावलता," बाबा म्हणाले. "खताचं विचाराचं होतं. एक बार वाजला अन् कटला."

मायनं पुडी त्यांच्या हातातून घेऊन सोडली. ती म्हणाली, "जिलेबी त खाऊन घे. ते त सच्ची हाये."

त्यानंतर फोन गप्प झाला. पहिला दिवस गेला, दुसराही गेला. आमच्या कराराप्रमाणे त्याचा अर्थ स्पष्ट होता. पण नेटवर्क नसलं तरी फोन असाच गप्प असतो, आणि या दोन गप्पांमधला फरक सांगणारी जादा तार मी ठेवलीच नव्हती. मोबाईल चार्ज करून मित्राला विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर कळलं असतं. मी तो बंदच ठेवला आणि अतिशय मन लावून रोवणा केला. काकूंनी बाबांजवळ माझी तारीफसुद्धा केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी धुऱ्यावर मोटारसायकल आली. चिखलानं माखलेला, हेल्मेटमधूनच ओरडणारा माझा मित्र. गाडी चालूच होती, मला एक अक्षर कळेना.

"पुन्हा सांग!"

त्यानं गाडी बंद केली, मायला जयभीम घातला, आणि मग माझ्याकडे वळला. "मोबाईल काहून बंद तुया? दोन दिवस झाले लावून राह्यलो!"

"हा फोन तर चालू होता."

"त्याच्यावर कसा लावू? घंटी वाजली असती त तू झालं समजला असता."

"म्हणजे नाही झालं."

"नाही झालं असतं त मी कायले पेट्रोल जाळतो? ना झालं, ना नाही झालं. मी काय अर्धी घंटी देऊ तुले?"

त्यानं खिशातून मोबाईल काढून बाहीला पुसला. "दोघं राह्यले, तू अन् एक दुसरा. उद्या सकाळी लॅबवाल्याइनं कॉलेजात बोलावलं. फाईल नाही, स्लाईड नाही, तोंडानं समजावाचं. पहिला सवाल त्याइनं आधीच पाठवला. आयक." आणि त्यानं पडद्यावरचं वाक्य एकेक शब्द सुटा करून, साऱ्या शेताला ऐकू जाईल असं वाचलं: "एवढी वीज वाचवली, ठीक. पण पोचलेला निरोप खरा आहे, हे तुम्ही कशावरून ओळखता?"