तिच्या ताटलीतला पहिला घास

अकोल्याच्या त्या म्हाताऱ्याचा मला राग नाही. राग असता तर बरं झालं असतं, राग उतरतो. माझं वेगळं आहे. मी जळतो. सुनेच्या मोबाईलवर त्याच्या घरून फोटो आला की मी तोंड फिरवतो, आणि थोड्या वेळानं चष्मा कुठं आहे म्हणून विचारतो. माझी शाळा तिसरीतच सुटली. लिहिताना अक्षर खालीवर होतं, पण जे आहे ते सरळ लिहितो.

जन्मभर मी संत्र्याच्या बागा राखल्या. आमच्या चांदूर बाजारकडे फळ धरलं की व्यापारी बाग घेतो. तो राखणदार ठेवतो आणि राखणदार कुत्रं ठेवतो. फळ उतरलं, ट्रक भरला, की माणसं पुढच्या बागेवर जातात. कुत्रं पुष्कळदा झाडालाच बांधलेलं राहतं. पुढच्या गावी दुसरं मिळतं ना. हे आम्ही सगळे पाहत आलो, आणि कोणाला त्यात काही वाटत नव्हतं. वाटलं ते माझ्या सुनेला.

सून सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ड्युटी झाली की स्कूटीवर कुठं कुठं जाते आणि अशी टाकलेली कुत्री घेऊन येते. ट्रॅक्टर आल्यापासून आमचा बैलांचा कोठा रिकामाच होता. तिथं ती त्यांच्या जखमा धुते, गोळ्या देते, अंगावर केस आले की फोटो टाकते आणि अमरावती, अचलपूर, अकोला जिथं मिळेल तिथं घर पाहते. तिनं पहिल्यांदा कोठा मागितला तेव्हा मी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत सांगितलं होतं, "कोठा घे. पण आलं तसं गेलं पाह्यजे. माह्या दारात कुत्रं राहणार नाही. मी बैलाचा माणूस हाय." माझा शब्द मी फिरवत नसतो. गावात विचारून पाहा.

मग ती आली.

परतवाड्याच्या रस्त्यावरच्या एका बागेतून आणली होती सुनेनं. मृग बहाराची फळं उतरून गेली होती, झोपडी मोडलेली, आणि ही झाडाला. काळी, छातीवर पांढरा डाग. साखळी मानेच्या कातडीत रुतून बसलेली. सुनेनं पक्कडीनं साखळी तोडली, मलम लावलं, ते सगळं तिनं होऊ दिलं. पण खाईना. दूध-भाकर ठेवली, तोंड फिरवलं. बिस्किट ठेवलं, तोंड फिरवलं. कोंबडी उकडलेलं पाणी ठेवलं तर नुसती नाकपुडी हलली. सून म्हणाली, "मामाजी, असंच राह्यलं तर हिले सलाईन लावा लागन." आणि ड्युटीवर गेली.

मी दारातून पाहत होतो. मला कळलं. ही राखणदाराची कुत्री होती, शिकवलेली. बागेत चोर शिरायचा असला की आधी कुत्र्याला खाण्यातून औषध टाकतो. म्हणून चांगला राखणदार पिलाला लहानपणापासून एकच गोष्ट लावतो. त्याच्या ताटलीतला पहिला घास राखणदार स्वतः खातो, त्याच्यासमोर, गिळेपर्यंत. मगच कुत्र्यानं तोंड लावायचं. मीही माझी कुत्री अशीच वाढवली होती.

मी खाली बसलो. तिच्या ताटलीतली भाकर मोडली, तोंडात घातली. ती माझ्या जबड्याकडे पाहत राहिली. मी गिळलं. ती उठली आणि ताटली चाटूनपुसून साफ केली.

मागं बायको उभी होती. "अवं! कुत्र्याच्या ताटलीतलं खाऊन राह्यले काय?"

"चव पाहून राह्यलो."

"मंग? मीठ बरोबर हाय का?"

संध्याकाळी सून आली. रिकामी ताटली पाहून तिला कोण आनंद. "मामाजी, काय केलं तुमी?"

"काही नाही. माह्या हातचं खाते ते."

यात खोटं काय होतं? पण खरं कारण मी सांगितलं नाही. बायकोलाही म्हटलं, तू मधात बोलू नोको. सून ठेवायची तर ती खात नसे, मी बसलो की खाई. मला ते आवडलं. या वयात माझ्यासाठी कोणी अडून बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मी वावरात निघालो की ती धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून माझ्या मागं, देवळापाशी बसलो की पायाशी. सून मलम लावताना ती तिचा हात चाटायची, तेसुद्धा मला खटकायचं. एकदा बायको तिचा कान खाजवत होती आणि ती डोळे मिटून उभी होती. मी उगीचच हाक मारून तिला बोलावून घेतलं.

नाव मी ठेवलं नाही. नाव ठेवलं की ठेवून घेतल्यासारखं होतं. मी नुसतं "माय" म्हणायचो.

जखम भरली, केस चकाकले, सुनेनं फोटो टाकला, आणि स्थळं यायला लागली. घर पाहायला सून मला सोबत न्यायची. अचलपूरच्या घरी मी म्हटलं, जिना फार उभा. अमरावतीला एका बंगल्यात बाईनं इतकं अत्तर लावलं होतं की कुत्र्याचं नाक जाईल. दुसऱ्या ठिकाणी फाटकाजवळ उतार निघाला. सून हसायला लागली, "मामाजी, ताईच्या लग्नात पाह्यलं होतं काय एवढं?"

"पोरीच्या वक्ती तं च्या पिऊन हो म्हणून आले होते," बायको म्हणाली.

अकोल्याचा माणूस मात्र स्वतःच आला. कुठल्याशा ऑफिसातून रिटायर झालेला, बायको गेलेली, मुलगा पुण्याला. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा. मी मनात म्हटलं, हा धुळीत बसायचा नाही. तो सरळ कोठ्यात जाऊन धुळीत बसला. हात पुढं केला नाही, चुचकारलं नाही, खिशातून बिस्किटही काढलं नाही. नुसता बसला. पुष्कळ वेळ गेला. मग ती उठली, त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि त्याच्या बुटावर हनुवटी टेकून पडली.

मी लगेच त्याच्या घराचं एकेक विचारायला लागलो.

त्याच्या घराला अंगण होतं, भिंत उंच, जिना नाही. मला काही खोट सापडेना. सून त्याच्यादेखतच मला म्हणाली, "मामाजी, तुमाले ठेवाची असन तं आता सांगा. मी याहिले नाही म्हणून सांगन. ते समजून घेतीन."

तोही माझ्याकडे पाहत होता. बायको दारात, शेजारी कुंपणावर.

"मी काहून ठेवू?" मी म्हटलं. "नेऊ द्या."

जाताना त्यानं मला विचारलं, "काय खाते जी ही?"

"भाकर. ज्वारीची."

त्यानं काय खाते ते विचारलं, मी काय ते सांगितलं. कशी खाते हे त्यानं विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला, खात नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. सून फोन स्पीकरवर ठेवायची आणि मी बाजेवर बसून ऐकायचो. खोटं काहून बोलू, मला गोड लागत होतं ते. त्यानं पनीर आणलं, खात नाही. मटण शिजवलं, खात नाही. डॉक्टरनं सुई दिली, नुसतं पाणी पिते. त्याचा आवाज रोज बारीक होत चालला होता.

"मामाजी, तुमच्याजवळ कशी खात होती?" सुनेनं विचारलं.

"माह्या हातचं खात होती. म्हणा त्याले, आणून दे परत."

सून उठून गेली. बायको चुलीजवळ होती, तिनं तव्यावरची भाकर तशीच राहू दिली. "तुमी सांगता का मी सांगू?"

"तू मधात पडू नोको म्हटलं ना."

"ते तिकडे मरून जाईन अन् तुमी येथी शब्द धरून बसजा. माह्याजवळ फोन हाय, ध्यानात ठेवा."

मी रात्रभर विचार केला आणि मला वाट सापडली. मी स्वतः जाऊन त्याला सांगायचं. तो काही कुत्र्याच्या ताटलीतलं खाणार नाही. फरशी पुसणारा, गाळलेलं पाणी पिणारा माणूस, त्याला ओकारी येईल. मग तो आपणहून म्हणेल, घेऊन जा. त्यानं परत दिली आणि मी आणली, तर यात माझा शब्द मोडतो कुठं? सकाळी पिशवीत दोर टाकला आणि अमरावतीची एस्टी धरली. तिथून अकोल्याची.

सुनेनं फोन केला असावा, तो मला घ्यायला स्टँडवर आला होता. पांढरा शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली. 

ती पंख्याखाली गादीवर पडली होती. बरगड्या मोजून घ्याव्या अशा. मला पाहिलं आणि शेपटी फरशीवर आपटायला लागली. उठली, पाय लटपटत होते, तशीच आली आणि माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या मधात डोकं घालून उभी राहिली. मी मान वर केली. तो दारात उभा होता. त्याच्या तोंडावर जे होतं ते ओळखायला मला वेळ लागला नाही. सून तिला मलम लावायची तेव्हा मी तेच तोंड घेऊन फिरत होतो.

"हे पाहा," मी म्हटलं, "तिच्या ताटलीतला पहिला घास तुमाले खा लागते. तिच्यासमोर, गिळेपर्यंत. मंगच ते तोंड लावते. राखणीची कुत्री हाय ते." आणि मी वाट पाहत बसलो.

"एवढंच?" तो म्हणाला.

आत गेला आणि तिची ताटली घेऊन आला. दुधात कुस्करलेली भाकर, सकाळपासून ठेवलेली, वर साय धरलेली. बाजेच्या खुराला धरून कसाबसा खाली बसला. घास उचलला, तोंडात घातला, कवळीनं चावला, गिळला. ओकारी नाही, काही नाही.

ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. ती माझ्या जबड्याकडे पाहत होती.

त्यानं दुसरा घास खाल्ला. तिची नजर माझ्यावरून हलेना. नुसता हात लांब करून मी त्या ताटलीतलं चिमूटभर तोंडात टाकलं असतं, तर ती जेवली असती, आणि मग तिला तिथं ठेवा म्हणायला त्याच्याजवळ तोंड राहिलं नसतं. दोर पिशवीतच होता.

"भाऊ," तो म्हणाला. तोंडात घास होता, आवाज नीट निघत नव्हता. "मी बरोबर करून राह्यलो ना?"

मी तिचं डोकं बाजूला केलं, उठलो आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. अंगणात रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीपलीकडून कोणी भाजीवाला ओरडत गेला. दाराला आतून नखं लागली, एकदा, दोनदा. मी हललो नाही. मग नखं थांबली. पुष्कळ वेळ काहीच नाही. नंतर ताटली फरशीवरून सरकत गेल्याचा आवाज आला. चाटताना ती ताटली ढकलत नेते, मला माहीत होतं.

तो डोळे पुसत बाहेर आला. जेवून जा म्हणाला. मी म्हटलं, एस्टी चुकते. निघताना एवढंच सांगितलं, "भाकर लय जाड थापता तुमी. पातळ करत जा."

घरी आलो तर सून वाटच पाहत होती. त्यानं आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं. "मामाजी, हे तुमाले पयलेच माहीत होतं?"

"त्यानं विचारलं नव्हतं," मी म्हटलं. ती थोडे दिवस माझ्याशी कमी बोलली. मीही कमीच बोललो.

आता ती चांगली भरली आहे. त्यानं तिचं नाव ठेवलं आहे, ते मी तोंडातून काढत नाही आणि इथंही लिहीत नाही. कोठ्यात दुसरं एक पांढरं कुत्रं आलं आहे, ते कोणाच्याही हातचं खातं. म्हातारा मला अकोल्याला बोलावत असतो. सून म्हणते, चला, रविवारी जाऊन येऊ. मी जात नाही. ती त्याच्यापाशीच बसून राहिली तर मला सहन होणार नाही, आणि धावत माझ्याकडे आली तर त्याला. दोघांतल्या एकानं घरी बसलेलं बरं. मी बसतो.

फोटो मात्र पाठवत राहा म्हणून मी निरोप दिला आहे. परवाचा फोटो पाहिला, आणि सुनेला म्हटलं, त्याले सांग, फोटो काढताना तिच्या डोक्यावरचा हात काढत जाय म्हणा.