शाहीनभाभींचा डबा

पैसे साठवायला बसलं की आधी किस्सेच साठतात! पैसे मागाहून येतात, आले तर. गेल्या वर्षी शिरूरच्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत काटकसर सुरू झाली. माझ्या बायकोला, मनीषाला, घरगुती पिठाची गिरणी घ्यायची होती. मुलगी दोन वर्षांची, तिला सोडून कामाला जाता येईना. घरबसल्या लोकांची दळणं करायची, असा तिचा प्लॅन. मी म्हणालो, "वर्षात घेऊ!" बोलायला काय जातं?

*

पहिली कात्री माझ्याच डोक्यावर चालली. "सलूनला कशाला जायचं? मी कापते की!"

दुसऱ्या दिवशी कंपनीत मी जेवतानाही हेल्मेट काढलं नाही. सुपरवायझर म्हणाले, "अरे, कँटीनमध्ये डोक्यात काय पडणार हाय?"

मी हेल्मेट काढलं.

"घाल, घाल!"

संध्याकाळी सलूनवाल्यानं कटिंगचे वेगळे आणि दुरुस्तीचे वेगळे पैसे लावले.

*

मग भाजी. खुटबावला घरचं शेत असताना विकत कशाला घ्यायची? रविवारी तिघं गाडीवरून गेलो, दोन पिशव्या वांगी आणि मेथी भरली. माझ्या वडिलांनी, आबांनी, सहज विचारलं, "पेट्रोल कितीचं टाकलं?"

मी सांगितलं.

"आरं, तेवढ्यात शिरूरच्या बाजारात पंधरा दिसांची भाजी आली आसती! फुकटची वांगी लई महाग पडली की रं!"

*

सगळ्यात अवघड प्रकरण शेजारच्या शाहीनभाभींचा डबा. त्यांच्याकडून डबाभर काहीतरी यायचं. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. मग मनीषा लाडू करणार, तूप संपणार. दोन दिवसांत डबा पुन्हा हजर, या वेळी शेवया! डबा दिसला की मनीषा आधी तुपाची बरणी उघडून बघायची.

एक दिवस भाभीच दारात येऊन म्हणाल्या, "मनीषा, बास कर गं! आमची बी काटकसर चाललीय. तुझे लाडू आले की मला शेवया कराव्या लागत्यात!"

दोघी हसून हसून खाली बसल्या. डबा बंद, असं ठरलं.

*

वर्ष सरत आलं आणि पोरगी आजारी पडली. साठवलेल्यातले बरेचसे दवाखान्यात गेले. पोरगी बरी झाली, पण मनीषा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता गिरणी." मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाहीनभाभींचा डबा आला.

"भाभी, बंद ठरलं व्हतं ना?"

"उघड तर."

आत काठोकाठ गहू. भाभी म्हणाल्या, "पहिलं दळण माझं. घाई न्हाई. गिरणी येईल तवा पीठ दे."

मनीषानं गव्हात कडुनिंबाचा पाला घातला आणि डबा फळीवर ठेवला. रोज नजरेसमोर. मी ओव्हरटाइम मागून घेतला, केस वाढू दिले.

चार महिन्यांनी गिरणी आली. मनीषानं सगळ्यात आधी तो डबा खाली काढला. गरम पीठ आम्ही शेजारी नेऊन दिलं. भाभींनी पैसे पुढं केले, मनीषानं हात मागं घेतला.

"भवानी हाय गं! न्हाई म्हणायचं न्हाई!"

मनीषानं नोट कपाळाला लावली.

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यात तोच डबा, पुन्हा काठोकाठ गहू. मनीषानं तो दोन्ही हातांनी उचलला आणि शेजारच्या दाराकडं बघून ओरडली, "भाभी, आता रोज पाठवा!"