वैदेही तंजावरला गेली नव्हती

‘मेजर डिप्रेसिव्ह डिसऑर्डर,’ डॉक्टर म्हणाल्या आणि मी लगेच त्यांची चूक सुधारली. ‘दहावीचं टेन्शन आहे हो.’ गणिताची शिक्षिका, सवयच तशी. त्यांनी शांतपणे समजावलं: यात मन इतकं खचतं की झोप, भूक, माणसं, काहीच नकोसं होतं. हा आजार आहे, आळस नव्हे. शेजारी माझी सोळा वर्षांची वैदेही खाली बघत होती. चार महिने मी तिला आळशी म्हणत होते.

जगावंसं वाटत नाही, हे तिने डॉक्टरांना सांगितलं होतं. मला नाही. 

रेसिडेन्शियल ट्रीटमेंट घ्यायचं ठरलं, म्हणजे केंद्रातच राहून उपचार. औषधं, रोज काउन्सेलिंग, जेवणाझोपेच्या ठरलेल्या वेळा आणि सतत कुणाचं तरी लक्ष. मोबाइल जमा. रविवारी भेट, बुधवारी संध्याकाळी दहा मिनिटं फोन.

पहिल्या भेटीत ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या भेटीत म्हणाली, औषधाने तोंड कोरडं पडतं. कुणाच्या तक्रारीने मला एवढा आनंद कधीच झाला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात नर्सने सांगितलं, आज दोन इडल्या संपवल्या.

मग नवरात्र आलं. आम्ही मूळचे तंजावरचे मराठे. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखातच राहिलो, आता मैलापुरात, त्यामुळे आमच्याकडेही कोलू असतो: पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या आणि नऊ दिवस बायकांनी एकमेकींकडे हळदीकुंकवाला जायचं. बाहुल्या दरवर्षी वैदेही मांडायची. यंदा मी मांडल्या. मुलगी कुठे, असं प्रत्येकीने विचारलं. उत्तर मी ठरवूनच ठेवलं होतं: ‘तंजावरला, आत्याकडे.’

बुधवारी तिचा फोन आला तेव्हा घर भरलेलं होतं. फोन कानाला लावून मी हरभऱ्याचं सुंडल, म्हणजे प्रसादाची उसळ, वाढत होते. तेवढ्यात शेजारच्या जानकीमामींनी विचारलं, ‘वैदेही कोठे गं, दिसेना?’

‘तंजावरला. मजेत आहे,’ मी म्हणून गेले.

 पलीकडून फोन बंद झाला.

रविवारी ती भेटायला आलीच नाही. जेवणही सोडलं होतं. डॉक्टरांनी मला नि माझ्या नवऱ्याला समोर बसवलं. ‘ती विचारते, बरी होऊन जाऊ कुठे? घरी तर आजारी वैदेहीला जागाच नाही. औषधाचं आम्ही बघतो, पण याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.’

परतताना नवरा म्हणाला, ‘हळूहळू सांगू लोकांना.’ मी म्हटलं, हळूहळू काही नाही. नवरात्राचे दोन दिवस उरले होते आणि मैलापुरातल्या सात घरी माझं जायचं राहिलं होतं.

पहिली जानकीमामींकडे गेले. कुंकू लावून घेतलं, विडा हातात घेतला आणि उभ्या उभ्या सांगितलं, ‘वैदेही तंजावरला नाही. तिला डिप्रेशन आहे, केंद्रात उपचार चालू आहेत. मी खोटं बोलले.’

मामींनी माझं मनगट धरलं. ‘माझ्या तंबीला होतं गं हे. बेंगळुराला नोकरी लागली म्हणून सांगत होतो आम्ही.’ तंबी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. वीस वर्षं शेजार, पण मला हे ठाऊक नव्हतं. मामी रडायलाच लागल्या.

एका घरी ज्योतिषाचा पत्ता मिळाला, एका घरी नुसता विडा. पण साती घरं केली.

बुधवारी फोन आला. मी एकेक घर सांगत गेले. ती ऐकत होती.

‘जानकीमामींना पण?’

‘त्यांना सगळ्यांत आधी.’

 मग ती म्हणाली, ‘आई, बाहुल्या उतरवताना लाकडी राजा-राणी मऊ कपड्यात गुंडाळ. मागच्या वर्षी तू राणीचं नाक घासवलंस.’

त्या रात्री ती जेवली.

दहा आठवड्यांनी घरी आली. औषधं अजून चालू आहेत आणि वाईट दिवस येतातच. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर त्याला आधी आजारी असू द्या. डॉक्टरांचे, नर्सचे उपकार मी विसरणार नाही. पण सगळ्यांत मोठे जानकीमामींचे. पहिल्याच संध्याकाळी त्या आल्या, टायफॉइडमधून उठलेल्या पोरीला विचारावं तसं त्यांनी विचारलं, ‘तिथलं जेवण कसं होतं गं?’

‘सांबार नुसतं पाणी, मामी,’ वैदेही म्हणाली आणि सरकून त्यांना शेजारी जागा करून दिली.